नकाशातून गेली, जमिनीवर उरली

तेल अवीवहून जेरुसलेमकडे जाणाऱ्या एक नंबरच्या महामार्गावर लात्रूनचा फाटा लागतो. तिथून आत वळलं की थोड्याच अंतरावर कॅनडा पार्क आहे. सुट्टीच्या दिवशी इथे पाइनच्या सावलीत सतरंज्या पसरतात, कोळशावर मांस भाजल्याचा वास सुटतो, सायकलवाल्यांचे घोळके टेकडी चढतात आणि मुलं जुन्या दगडी कुंडांच्या काठावर हुंदडतात. रोमन काळातलं स्नानगृह कुठलं, बायझंटाइन चर्च कुठलं, क्रुसेडरांची गढी कुठली, हे सांगणाऱ्या पाट्या जागोजागी आहेत. दोन हजार वर्षांचा इतिहास असा हाताला धरून दाखवणाऱ्या या उद्यानात जून १९६७पर्यंत इम्वास आणि यालू ही दोन पॅलेस्टिनी गावं नांदत होती, हे मात्र बरीच वर्षं कुठल्याच पाटीवर नव्हतं.

या दोन गावांच्या शेजारचं तिसरं गाव बेत नूबा. १९४८च्या युद्धात लात्रून घेण्यासाठी इस्रायली सैन्याने पुन्हा पुन्हा हल्ले केले आणि मोठी हानी सोसूनही ते ठाणं हाती आलं नाही. जेरुसलेमचा जुना रस्ता त्यामुळे एकोणीस वर्षं अडलेला राहिला. १९६७च्या सहा दिवसांच्या युद्धात लात्रून हाती आलं, तेव्हा तिन्ही गावांतल्या लोकांना घराबाहेर काढून रामल्लाच्या दिशेने चालत पाठवण्यात आलं आणि बुलडोझरनी गावं भुईसपाट केली. तिथे तैनात असलेल्या सैनिकांत अमोस केनान हा इस्रायली लेखकही होता. बेत नूबातून निघालेली म्हातारी माणसं, कडेवरची मुलं आणि पांढरी निशाणं यांची हकिगत त्याने तेव्हाच लिहून ठेवली. पुढे बेत नूबाच्या जमिनीवर मेव्हो होरोन ही वसाहत उभी राहिली. इम्वास आणि यालूच्या जागेवर ज्यूइश नॅशनल फंड या संस्थेने कॅनडातल्या देणगीदारांच्या पैशातून झाडं लावली. हा सगळा भाग १९४९च्या युद्धविरामरेषेपलीकडे, म्हणजे व्याप्त वेस्ट बँकेत येतो. कॅनडातून दहा-वीस डॉलर पाठवणाऱ्या किती जणांना याची कल्पना असेल?

झोखरोत या इस्रायली संस्थेने न्यायालयात धाव घेतल्यावर २००६च्या सुमारास उद्यानात इम्वास आणि यालूची नावं असलेल्या पाट्या लागल्या. थोड्याच काळात त्यांतल्या एकीवरचा मजकूर खरवडला गेला आणि दुसरी नाहीशी झाली. पाट्यांची ही अवस्था पाहिली की वाद दगडमातीपलीकडचा आहे, हे ध्यानात येतं.

पॅलेस्टिनी गावांच्या अवशेषांविषयी बोलताना सर्रास एक गृहीत धरलं जातं: युद्ध झालं, माणसं पळाली, गावं पडली. ते अर्धंच खरं आहे. १९४७-४९ या काळात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी विस्थापित झाले आणि चारशेहून अधिक गावं ओस पडली. वालिद खालिदी यांच्या १९९२च्या जाडजूड ग्रंथात ४१८ गावांची नोंद आहे. बेदुइन टोळ्यांच्या वस्त्या धरून सलमान अबू सित्ता यांनी केलेली मोजणी पाचशेच्या वर जाते. माणसं का गेली, याचं उत्तर गावागणिक वेगळं आहे. कुठे सरळ हाकलून दिलं, कुठे तोफगोळे पडले, कुठे शेजारच्या गावातल्या कत्तलीची बातमीच पुरेशी ठरली, तर काही ठिकाणी अरब पुढाऱ्यांनीच बायकामुलांना हलवायला सांगितलं. इस्रायली लष्कराची कागदपत्रं चाळून बेनी मॉरिस या इतिहासकाराने हा गुंता गावनिहाय मांडला आहे.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. संयुक्त राष्ट्रांची फाळणी योजना अरब बाजूने नाकारली, मे १९४८मध्ये शेजारच्या अरब देशांच्या फौजा आत शिरल्या, क्फार एत्झियोन या ज्यू वसाहतीत शरण आलेल्यांची कत्तल झाली, जेरुसलेमच्या जुन्या शहरातली ज्यू वस्ती रिकामी करण्यात आली, आणि पुढच्या दोन दशकांत अरब देशांतले लाखो ज्यू देशोधडीला लागले. हे सगळं घडलं. मात्र युद्धाच्या धामधुमीत काय झालं याचा खुलासा त्यातून होत असला, तरी तोफा थंडावल्यावर एक तप, दोन तपं शांतपणे जे केलं गेलं त्याचा होत नाही. आज इस्रायलच्या डोंगरांत दिसणारे ढिगारे बव्हंशी त्या नंतरच्या काळाचे आहेत. त्यांच्यामागे बंदुकीपेक्षा लेखणी अधिक चालली आहे.

घरं रिकामी झाली त्या दिवशी त्यांतली बहुतेक उभी होती. १९५०मध्ये इस्रायलच्या संसदेने गैरहजरांच्या मालमत्तेचा कायदा केला. २९ नोव्हेंबर १९४७नंतर जो शत्रुदेशात किंवा शत्रूच्या ताब्यातल्या भागात गेला, तो कायद्याने गैरहजर, आणि त्याची जमीन, घर, बँकेतले पैसे सरकारनियुक्त अभिरक्षकाकडे. मराठी शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावरचं नाव एका फटक्यात कमी झालं, आणि हरकत घ्यायला येणाऱ्याला सरहद्दच ओलांडू द्यायची नाही, असा बंदोबस्त होता. या कायद्याचं आपल्या उपखंडाशी जवळचं नातं आहे. फाळणीनंतर देश सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेसाठी पाकिस्तानने जे नियम केले, त्यांचा नमुना इस्रायली कायदेपंडितांसमोर होता, असं तिथल्याच कायद्याच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. लाहोर आणि अमृतसरचा हिशेब निदान दुतर्फा होता. गेलेला माणूस पलीकडच्या देशाचा नागरिक तरी झाला. इस्रायलमध्ये मात्र देशातच राहिलेले, नागरिकत्व मिळालेले, मतदान करणारे हजारो अरबसुद्धा गैरहजर ठरले, कारण युद्धात ते आपलं घर सोडून शत्रूच्या ताब्यातल्या शेजारच्या गावी गेले होते. त्यांच्यासाठी ‘हजर गैरहजर’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. सरकारी विनोद इतका कडवट क्वचितच होतो.

मग पाळी आली नावांची. १९४९मध्ये नेगेव्हच्या वाळवंटातल्या अरबी नावांना हिब्रू नावं देण्यासाठी पंतप्रधान बेन गुरियन यांनी समिती नेमली. पुढे सबंध देशासाठी तसं मंडळ काम करू लागलं. ओढे, टेकड्या, झरे, विहिरी, सगळ्यांची बारशी नव्याने झाली. जेरुसलेमचे माजी उपमहापौर मेरॉन बेन्व्हेनिस्ती यांचे वडील देशाचा हिब्रू नकाशा घडवणाऱ्यांपैकी एक. लहानपणी वडिलांबरोबर फिरताना मेरॉन यांनी जी अरब गावं पाहिली होती, ती वडिलांच्याच नकाशावरून कशी गेली, याचा शोध त्यांनी उतारवयात एका मोठ्या पुस्तकात घेतला. बापलेकातला असा वाद कुठल्याही देशाच्या वाट्याला येणं भाग्याचंच.

एवढं होऊनही घरं उभीच होती. रस्त्याने जाणाऱ्याला दारं-खिडक्या नसलेली गावं दिसत, आणि इथे कोण राहायचं, असा प्रश्न मुलं, परदेशी पाहुणे आणि स्वतः विस्थापितही विचारत. म्हणून १९६५पासून इस्रायलच्या भूमी प्रशासनाने ही गावं पाडण्याची पद्धतशीर मोहीम काढली. शंभराहून अधिक गावं त्या काही वर्षांत साफ झाली. पाडण्याआधी पुरातत्त्वखात्याशी संबंधित सर्वेक्षकांनी जाऊन प्राचीन काही आहे का, ते पाहून घ्यायचं, असा शिरस्ता होता. हा तपशील आरोन शाय या तेल अवीव विद्यापीठातल्या इतिहासकाराने उजेडात आणला. दीड हजार वर्षांपूर्वीचा खांब जपायचा आणि वीस वर्षांपूर्वीची चूल पाडायची, हे ठरवणारं टिपण कुठल्यातरी कचेरीत रीतसर सही-शिक्क्यानिशी तयार झालं असणार.

ढिगाऱ्यांवर झाडं आली. ज्यूइश नॅशनल फंडाने लावलेल्या जंगलांत अलेप्पो पाइन फार, कारण तो भरभर वाढतो आणि उघडा डोंगर चार-दोन पावसाळ्यांत हिरवा करतो. सगळी जंगलं गावं झाकण्यासाठीच लावली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. धूप रोखणं आणि नव्याने आलेल्या स्थलांतरितांना रोजगार देणं ही खरी उद्दिष्टंही त्यामागे होती. पण परिणाम व्हायचा तो झालाच. नोगा कादमान या इस्रायली संशोधिकेने ओस पडलेल्या गावांची आजची स्थिती तपासली, तेव्हा शंभराहून अधिक गावं वनं, राष्ट्रीय उद्यानं आणि सहलीच्या जागांच्या हद्दीत सापडली. तिबेरियाजवळचं लुब्या हे दोनअडीच हजार वस्तीचं गाव आज ‘साउथ आफ्रिका फॉरेस्ट’खाली आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ज्यूंनी त्या झाडांसाठी पैसे दिले होते. देणगीदारांच्या पुढच्या पिढीतल्या दोघांनी २०१३मध्ये या जंगलावर माहितीपट काढला आणि आपल्या लहानपणी डब्यात टाकलेली नाणी कुठे गेली, याचा माग घेतला.

पाइनखाली फिरताना गाव ओळखायची युक्ती पॅलेस्टिनी पोरासोरांनाही ठाऊक असते: फड्या निवडुंग शोधायचा. परड्याला, मळ्याला कुंपण म्हणून लावलेला हा निवडुंग तोडला, जाळला तरी मुळातून पुन्हा फुटतो. भिंत पडली, विहीर बुजली, तरी शेताची हद्द निवडुंग दाखवतो. त्याच्या जोडीला बदाम, अंजीर, डाळिंब. ही झाडं जंगलात आपसूक रांगेने उगवत नाहीत.

इस्रायली साहित्यिकांना हे केव्हाच दिसलं होतं. ए. बी. येहोशुआ यांच्या १९६३च्या ‘जंगलांसमोर’ या दीर्घकथेत वणव्यावर लक्ष ठेवायला नेमलेला एक विद्यार्थी आहे आणि त्याच्या सोबतीला जीभ तोडलेला एक अरब. शेवटी जंगल पेटतं आणि राखेतून गावाचे अवशेष वर येतात. ऑगस्ट २०२१मध्ये जेरुसलेमच्या पश्चिमेच्या डोंगरांत मोठा वणवा लागला, आणि विझल्यावर काळ्या पडलेल्या उतारांवर दगडी तालींच्या रांगाच्या रांगा उघड्या पडल्या. शतकानुशतकं माणसांनी हाताने रचलेली ती पायऱ्यापायऱ्यांची शेती पाहून वर्तमानपत्रांना येहोशुआची आठवण झाली नसती तरच नवल. जवळच्याच सताफमध्ये अशाच ताली आणि झरे ‘प्राचीन शेतीचा नमुना’ म्हणून पर्यटकांना दाखवतात. प्राचीन खऱ्याच, पण जुलै १९४८पर्यंत त्या कसणारी माणसं अर्वाचीन होती.

काही गावं वाचली ती कुणाच्या तरी उपयोगाला आली म्हणून. हैफाच्या दक्षिणेला कार्मेल डोंगरावरच्या ऐन हौदमध्ये सुरुंग लागणार होते. ते थोपवले मार्सेल यांको या चित्रकाराने. यांको झ्युरिकमधल्या दादा चळवळीच्या संस्थापकांपैकी एक, १९४१मध्ये बुखारेस्टमधल्या ज्यूंच्या कत्तलीनंतर पॅलेस्टाइनला पळून आलेला. दगडी घरांच्या कमानी पाहून तो हरखला आणि १९५३मध्ये तिथे कलावंतांचं गाव वसवलं. नाव एका स्वराने बदललं: ऐन होद. घरांचे स्टुडिओ झाले, मशिदीत पुढे उपाहारगृह चाललं. मूळचे अबू अल-हैजा घराण्यातले काही गावकरी मात्र कुठे लांब गेलेच नाहीत. दीड-दोन किलोमीटरवर आपल्याच रानात त्यांनी झोपड्या टाकल्या, मग घरं बांधली. १९६५च्या नियोजन कायद्याने ती सगळी बेकायदा ठरली. रस्ता नाही, वीज नाही, पाणी नाही. राज्याने या नव्या ऐन हौदला १९९२मध्ये तत्त्वतः आणि २००५मध्ये प्रत्यक्ष मान्यता दिली. निर्वासित कलावंत आणि निर्वासित गावकरी अर्धं शतक एकाच डोंगरावर राहिले. सौंदर्यदृष्टीने घर वाचतं, घरमालक वाचतोच असं नाही.

तेल अवीव विद्यापीठाचं आवार शेख मुवन्निस या गावाच्या जमिनीवर आहे. गावातल्या एका जुन्या वाड्यात प्राध्यापकांचा क्लब आहे आणि ‘ग्रीन हाऊस’ या नावाने तिथे मेजवान्या होतात. देर यासीनमध्ये ९ एप्रिल १९४८ रोजी इर्गुन आणि लेही या सशस्त्र ज्यू गटांनी शंभरावर माणसं मारली. १९५१पासून तिथल्या घरांत मनोरुग्णालय चालतं. दरीपलीकडे, जेमतेम दीड किलोमीटरवर याद वाशेम, नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंचं स्मारक.

हूजची कथा या सगळ्यांत चमत्कारिक. गाझाच्या सीमेजवळच्या या गावाने १९४६मध्ये ब्रिटिशांपासून हगाना या सशस्त्र ज्यू संघटनेच्या माणसांना लपवलं होतं. ज्यूंशी संधान असल्याच्या संशयावरून गावचा मुख्तार, म्हणजे पाटील, आणि त्याचा भाऊ यांना गाझात जमावाने ठार केलं. तरीही ३१ मे १९४८ रोजी गावाला हाकलून लावण्यात आलं. तिथल्या जमिनीवर नंतर पंतप्रधान झालेल्या आरिएल शेरॉन यांची शेती झाली आणि २०१४मध्ये त्यांना तिथेच पुरलं. मैत्रीचीही जिथे नोंद राहिली नाही, तिथे वैराच्या युक्तिवादाला फार वजन देता येत नाही.

जेरुसलेमच्या वेशीवरचं लिफ्ता हे त्यातल्या त्यात सुदैवी. बस आणि रेल्वेच्या नव्या मुख्य स्थानकापासून अगदी जवळ, उड्डाणपुलांखालच्या दरीत, सुमारे पंचावन्न दगडी घरं अजून उभी आहेत. १९४५च्या सरकारी मोजणीनुसार इथे अडीच हजार लोक राहत. जेरुसलेमच्या बांधकामाला दगड पुरवणारं, ऑलिव्हचे घाणे असलेलं खाऊनपिऊन सुखी गाव. डिसेंबर १९४७मध्ये इथल्या कॉफीच्या दुकानावर गोळीबार झाला आणि पुढच्या दोनेक महिन्यांत गाव रिकामं झालं. मग येमेन आणि कुर्दिस्तानातून आलेल्या गरीब ज्यूंना इथे राहायला दिलं. ना नळ, ना दिवे. त्यांतले बरेच निघून गेल्यावर कुणी पुन्हा शिरू नये म्हणून घरांच्या घुमटांना वरून मोठाली भोकं पाडण्यात आली. ती आजही दिसतात. झऱ्याच्या कुंडात सनातनी ज्यू मुलं दुपारी डुंबायला येतात. वर्षानुवर्षं टिकून राहिलेली शेवटची ज्यू कुटुंबंही २०१७मध्ये नुकसानभरपाई घेऊन बाहेर पडली.

लिफ्ताच्या जागी दोनशेवर आलिशान घरं आणि हॉटेल बांधायची योजना २००४पासून फायलींतून फिरते आहे. मूळ गावकऱ्यांचे वारस आणि ज्यू कार्यकर्ते मिळून न्यायालयात गेले आणि २०१२मध्ये भूखंडांची निविदा रद्द झाली. न्यायालयाने आधी सविस्तर पाहणी करा म्हटलं, म्हणून पुरातत्त्वखात्याने ती केली. घरांचे थर आणि खालची तळघरं अपेक्षेहून जुनी निघाली. इस्रायलनेच २०१५मध्ये लिफ्ता युनेस्कोच्या संभाव्य यादीत टाकलं. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने २०१८च्या धोक्यातल्या वारशांत त्याचं नाव घेतलं. आणि २०२१मध्ये भूमी प्राधिकरणाने पुन्हा निविदा काढली! ओरड झाल्यावर ती थांबली. एकच राज्य एका हाताने वारसा म्हणून अर्ज करतं आणि दुसऱ्या हाताने तोच विकायला काढतं.

लिफ्ता काय होऊ शकलं असतं, ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला बत्तीर आहे. तशाच ताली, तसाच झरा, पाण्याची पाळी ठरवण्याची तीच पूर्वापार पद्धत. १९४९मध्ये युद्धविरामरेषा आखताना रेल्वेमार्गाला धक्का लावणार नाही, या हमीवर बत्तीरच्या लोकांनी रेषेपलीकडच्या शेतीसकट गाव राखलं. गावच्या हसन मुस्तफा यांनी त्यासाठी खटपट केली. २०१४मध्ये बत्तीरचा डोंगरउतार जागतिक वारसा ठरला, आणि तिथे आजही वांगी पिकतात. गाव, रेषा आणि रेल्वे या तिन्हींचा मेळ घालणारा करार त्याच १९४९मध्ये, त्याच दोन बाजूंना जमला होता, हे विसरून ‘दुसरा मार्गच नव्हता’ म्हणणं सोयीचं आहे.

आणि मार्ग असूनही तो न घेतल्याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे लेबनॉन सीमेजवळचं इक्रित. पाचशेच्या आतबाहेर वस्तीचं ग्रीक कॅथलिक गाव. ३१ ऑक्टोबर १९४८ रोजी इस्रायली सैन्य आलं. कुणीही लढलं नाही. आठवडाभराने सीमेवरच्या धोक्याचं कारण देऊन ‘दोन आठवड्यांसाठी’ बाहेर पडा, असं सांगण्यात आलं. दोन आठवड्यांची दोन वर्षं झाली, तेव्हा गावकरी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै १९५१मध्ये जिंकले. त्याच वर्षी ख्रिसमसच्या आदल्या दिवशी लष्कराने सुरुंग लावून सगळी घरं उडवली. फक्त टेकडीवरचं चर्च आणि कब्रस्तान उरलं. शेजारचं कफ्र बिरिम मारोनाइट ख्रिस्त्यांचं. त्यालाही असंच आश्वासन देऊन बाहेर काढलं होतं आणि सप्टेंबर १९५३मध्ये त्याच्यावर हवाई दलाची विमानं पाठवली. गावकरी समोरच्या टेकडीवरून बघत होते. आज तिथे प्राचीन सिनेगॉगचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिकीट काढून आत गेलं की आजोबांच्या घराच्या भिंती बघता येतात.

ही माणसं इस्रायलची नागरिक आहेत. ती सीमेपलीकडे नाहीत, त्यांनी बंदूक उचललेली नाही, त्यांच्या परतण्याने लोकसंख्येचं गणित बिघडत नाही. त्यांच्या गावठाणावर कुणी राहत नाही, म्हणजे कुणाला उठवावंही लागणार नाही. १९७२मध्ये पंतप्रधान गोल्डा मायर यांच्या सरकारने नकार दिला. १९९०च्या दशकात मंत्र्यांच्या समितीने मर्यादित परतीची शिफारस केली, तर २००१मध्ये शेरॉन सरकारने ती फेटाळली आणि २००३मध्ये न्यायालयाने सरकारचं म्हणणं मान्य केलं. कारण नेहमी एकच: यांना होकार दिला तर बाकीचेही येतील. म्हणजे इक्रितच्या माणसांना त्यांच्या स्वतःच्या गुन्ह्याची शिक्षा झालेली नाही, इतरांनी मागू नये म्हणून झाली. २०१२पासून तिथली नातवंडं चर्चला लागून आळीपाळीने राहू लागली. त्यांनी लावलेली रोपं, उभारलेल्या शेड सरकारी निरीक्षकांनी वेळोवेळी काढून नेल्या. मेलेल्यांना गावात पुरायला परवानगी आहे. ती १९७०च्या दशकातच मिळाली.

मराठी वाचकाने हा विषय परका समजू नये, याला एक कारण आहे. जुलै १९४८मध्ये लिद्दा आणि रामला या दोन शहरांतून पन्नास हजारांहून अधिक पॅलेस्टिनींना हाकलण्यात आलं. पुढे लोद आणि रामला या नावांनी नांदू लागलेल्या याच शहरांत कोकणातून, मुंबईतून गेलेली अनेक बेने इस्राएल कुटुंबं राहिली. बाकीची दिमोना, बीरशेबा, अश्दोदकडे गेली. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक या समाजाने तिथे चालवलं. या लोकांनी कुणाला घराबाहेर काढलेलं नाही. ते पोहोचले तेव्हा घरं रिकामी होती आणि घर कुठलं घ्यायचं, हे त्यांच्या हाती नव्हतं. उलट त्यांना स्वतःलाच पुरते ज्यू मानायला धर्मपंडित तयार नव्हते. त्याविरुद्ध त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि १९६४मध्ये संसदेकडून बरोबरीचा ठराव मिळवला. अलिबागच्या तेल्याचा मुलगा लोदमधल्या दगडी घरात राहायला गेला, त्याच्याआधी तिथे कोण होतं, हा प्रश्न त्याला दोषी ठरवण्यासाठी विचारायचा नाही. तो मराठीच्याही इतिहासाचा भाग आहे, म्हणून विचारायचा.

२०११मध्ये इस्रायलच्या संसदेने असा कायदा केला, की स्वातंत्र्यदिन शोकदिन म्हणून पाळणाऱ्या संस्थांचं सरकारी अनुदान अर्थमंत्री कापू शकतात. तरीही देशांतर्गत विस्थापितांच्या संघटनेने १९९८पासून जवळपास दरवर्षी स्वातंत्र्यदिनी वेगवेगळ्या ओस गावांकडे मोर्चा नेला आहे. झोखरोतने २०१४मध्ये गावं शोधून देणारं मोबाइल ॲप आणलं. ब्रिटिशांनी काढलेले मोजणीचे नकाशे आता संकेतस्थळावर आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहता येतात. बैरूतच्या छावणीत जन्मलेली तिसरी पिढी त्यावर आपल्या आजीच्या घराची जागा शोधते.

परतीच्या हक्काचा संपूर्ण प्रश्न वाटाघाटींशिवाय सुटणार नाही, हे उघड आहे, आणि त्या वाटाघाटी आज दूर आहेत. पण प्रत्येक गोष्टीला त्या लागत नाहीत. इक्रित-बिरिमला परतवायला इस्रायलला कुणाशी बोलणी करायची गरज नाही, आपल्याच न्यायालयाचा इक्रितबाबतचा १९५१चा निकाल अमलात आणून बिरिमलाही तोच न्याय लावला की झालं. लिफ्ताची निविदा कायमची मागे घेऊन झरा, घाणे, ताली आहेत तशा राखायला खर्चही फार नाही. राष्ट्रीय उद्यानांतल्या पाट्यांवर बायझंटाइन काळानंतरच्या शतकांसाठी दोन ओळी वाढवणं हे तर कुठल्याही सुरक्षेच्या निकषावर निरुपद्रवी. एवढंही न करण्याचा हट्ट सुरक्षेपेक्षा स्मरणाच्या भीतीतून येतो.

ही भीती इतिहासजमा झालेली नाही. वेस्ट बँकेच्या दक्षिण टोकाला, हेब्रॉनच्या डोंगरांत झनूता हे मेंढपाळांचं गाव होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये गाझातलं युद्ध पेटल्यावर वसाहतवाल्यांच्या मारहाणीला आणि धमक्यांना कंटाळून तिथल्या अडीचशेच्या आसपास लोकांनी गाव सोडलं. युरोपीय मदतीतून बांधलेली शाळा बुलडोझरने पाडण्यात आली. गावकरी सर्वोच्च न्यायालयात गेले, २०२४च्या उन्हाळ्यात परतीचा आदेश मिळाला आणि ऑगस्टमध्ये काही कुटुंबं परतलीही. पण पडलेल्या भिंतींवर छप्पर घालायला लष्करी प्रशासनाची परवानगी मिळाली नाही आणि वसाहतवाल्यांचा जाच सुरूच राहिला. महिन्याभरात लोक पुन्हा निघून गेले.